डिप्रेशनसोबत रोजचं जगणं: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी कराडची, पतसंस्थेत काउंटरला असते. घरी हे, दोन मुलं आणि सासूबाई. मला डिप्रेशन पहिल्यांदा 2013 ला आलं, धाकटा तेव्हा चार महिन्यांचा होता, आणि दुसऱ्यांदा 2019 च्या महापुरानंतर. माहेर सांगलीकडचं, घरात पाणी शिरलं, पाणी उतरल्यावर चिखल काढायला मीच पुढे होते, सगळ्यांना धीर देत होते, आणि सगळं मार्गी लागल्यावर दोन महिन्यांनी मी कोसळले. आता गोळी चालू आहे, कामावर जाते, हसते, भांडते पण. हे मी कुणापासून लपवत नाही म्हणून लोक विचारतात, कुणी स्लिप भरता भरता हळूच, कुणी रात्री अकराला मेसेज करून. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळी उत्तरं लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवा, गोळीचं नाव आणि डोस मला विचारू नका, बाकी जे मला माहीत आहे ते सगळं सांगते.

ताई, हे डिप्रेशन आहे की नुसतं टेन्शन, कळणार कसं?

टेन्शनला कारण असतं आणि कारण मिटलं की ते उतरतं. पगार झाला, रिझल्ट लागला, की माणूस मोकळा. डिप्रेशन तसं उतरत नाही. डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचा हिशोब धरतात, म्हणजे दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास आहे किंवा ज्यात आधी जीव रमायचा त्यात काही म्हणजे काही वाटत नाहीये, आणि सोबत झोपेचा घोळ (काहींना झोप येत नाही, काहींना उठवत नाही), भूक कमी नाहीतर नुसतं खात सुटणं, अंगात त्राण नसणं, लक्ष न लागणं, सगळं माझ्यामुळेच झालं असं वाटणं, मरणाचे विचार. सगळंच असायला पाहिजे असं नाही. पीएचक्यू-9 म्हणून नऊ प्रश्नांचा एक कागद असतो, तो दवाखान्यात भरून घेतात, पाच मिनिटांचं काम आहे.

पण आपल्याकडे खूप जणांना उदास वाटतंय हे कळतच नाही, त्यांचं अंग दुखतं. माझं तसंच झालं. मी पहिले चार महिने पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या, डोकं धरायचं, छातीत भरून यायचं, सोनोग्राफी पण झाली, सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे खूश आणि मी अजून घाबरणार कारण मग मला होतंय तरी काय. मला खरं कळलं ते गणपतीत. आमच्याकडे तळणीचे मोदक असतात आणि ते मीच करते, दरवर्षी त्यावरून जावांमध्ये माझं कौतुक. त्या वर्षी मी सारण भरत होते आणि मला त्या वासाचं काहीच वाटेना. चांगला नाही, वाईट नाही, काहीच नाही. आरती चालू होती आणि मी मोरीत उभी राहून नळ सोडून रडत होते, कशासाठी ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

घरचं सगळं चांगलं आहे, नोकरी आहे, मुलं गुणी आहेत, मग का झालं?

"सुख बोचतंय हिला" हे मी कानांनी ऐकलंय, त्यामुळे हा प्रश्न कुणी चांगल्या मनाने विचारला तरी आत कुठेतरी लागतो. शुगर झालेल्या माणसाला आपण असं विचारत नाही ना की घरात सगळं चांगलं असताना शुगर का झाली. याला एकच एक कारण नसतं. घराण्यात कुणाला असलं तर शक्यता वाढते, थायरॉईड, बाळंतपण, दुखणं, कर्ज, कुणाचं तरी जाणं, लहानपणी सोसलेलं, दारू, यातलं दोनतीन एकत्र येतं आणि मेंदूची मूड सांभाळायची यंत्रणा ढासळते. बंगळुरूच्या निम्हान्सने, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, 2015-16 ला देशातल्या बारा राज्यांत सर्व्हे केला त्यात साधारण 20 माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन होऊन गेलेलं दिसलं. आमच्या पतसंस्थेत सकाळच्या गर्दीत 40 माणसं उभी असतात, म्हणजे त्यात साधारण दोघं असणार.

बाळंतिणीबद्दल वेगळं सांगते. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, हळवं होणं खूप जणींना होतं आणि ते दहाबारा दिवसांत आपोआप ओसरतं. त्यापुढे गेलं, बाळाकडे बघून काहीच वाटेना, नाहीतर बाळाला काही होईल अशी सतत धास्ती बसली, तर "बाळंतिणीला वारं लागलं" म्हणत कान बांधून बसवू नका, डॉक्टरकडे न्या. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं आहेत.

पुरुषांना पण होतं का?

होतं, पण ते सांगत नाहीत. बायका रडतात म्हणून किमान दिसतं तरी. पुरुषाचं डिप्रेशन बऱ्याचदा चिडचिड होऊन बाहेर येतं, नाहीतर दारू होऊन. एक ओळखीचे काका, पेन्शन घ्यायला यायचे, सहीसाठी पेन धरताना हात थरथरायचा, सगळे म्हणायचे म्हातारा प्यायला लागला. मुलगा गेल्यापासून ते रात्री झोपलेच नव्हते. दारूने त्या रात्रीपुरती गुंगी येते पण झोप अजून बिघडते आणि मन अजून खाली जातं, म्हणून ज्याची दारू अचानक वाढली त्याला शिव्या घालायच्या आधी एकदा विचारा की झोप लागते का.

आधी कुणाकडे जायचं? थेट मेंटलच्या डॉक्टरकडे?

भीती वाटत असेल तर पहिलं फॅमिली डॉक्टरकडे जा पण त्यांना पित्त सांगू नका, खरं सांगा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-12 या तपासण्या करून घ्या कारण यांच्यातल्या बिघाडानेही माणूस असाच गळून जातो. मग मानसोपचारतज्ज्ञ. लोकांचा गोंधळ होतो म्हणून सांगते, मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनाच्या आजारांचं शिकलेले डॉक्टर, ते औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक बोलून उपचार करतात, औषध देत नाहीत. कुणाला एक पुरतं, कुणाला दोन्ही लागतं, मला दोन्ही लागलं.

पैशाचा प्रश्न असेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलला मानसोपचार विभाग असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे तपासणी होते आणि औषधं मिळतात. ओपीडीचा वार आधी फोन करून विचारून घ्या, फुकट हेलपाटा नको. मोठी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, गोव्यात बांबोळीला आहे, आणि तिथल्या ओपीडीत साध्या डिप्रेशनसाठीही जाता येतं, ती फक्त "तसल्या" पेशंटसाठी आहेत हा आपला समज आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 ला सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, त्यांचे मराठीतले व्हिडिओ मी भांडी घासताना ऐकायचे, बाहेर पडायचं धैर्य नव्हतं तेव्हा तेवढाच आधार होता.

आणि 14416 हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची फोन सेवा, केंद्र सरकारचं आहे, ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. 2019 ला हे नव्हतं, असतं तर मी तीन महिने आधी कुणाशीतरी बोलले असते असं मला अजून वाटतं.

कुणी बघितलं तर?

मी पहिल्यांदा गेले तेव्हा स्कार्फ बांधून गेले होते, गॉगल पण. वेटिंगला शेजारी आमच्याच गल्लीतल्या एक बाई. दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. मग त्या म्हणाल्या, बस की गं, नंबर उशिरा आहे. तेव्हापासून त्या माझ्या जवळच्या मैत्रीण आहेत.

गोळ्यांची सवय लागते म्हणे? झोपेच्या गोळ्याच असतात ना त्या?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि या एका भीतीपायी लोक वर्षानुवर्षं सोसतात म्हणून जरा सविस्तर.

डिप्रेशनच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या वेगळ्या. कधीकधी डॉक्टर सुरुवातीला थोड्या दिवसांसाठी झोपेची किंवा घबराटीची गोळी सोबत देतात, तिची सवय लागू शकते, म्हणून ती सांगितली तेवढेच दिवस घ्यायची आणि मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून परस्पर आणायची नाही. मुख्य गोळीचं तसं नसतं. तिची नशा होत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही, तल्लफ लागत नाही. मात्र अचानक बंद केली तर चक्कर, अस्वस्थपणा, चित्रविचित्र स्वप्नं, डोक्यात झटका बसल्यासारखं होतं, आणि मग लोक म्हणतात बघा सवय लागली होती. बंद करायची तर डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

दुसरं म्हणजे ती क्रोसिनसारखी लगेच लागू होत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण गुण यायला सहा ते आठ. आणि त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो, मळमळ, डोकेदुखी, तोंड कोरडं पडणं, कुणाला झोप जास्त कुणाला कमी. म्हणजे फायदा उशिरा आणि त्रास आधी, नेमकं याच टप्प्यावर बरीच माणसं गोळी सोडतात. मी पण आठव्या दिवशी सोडली होती. परत गेले तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत, गोळी जेवणानंतर घे म्हणाले आणि डोस निम्म्यावर आणून हळू वाढवला. त्रास झाला तर सोडू नका, फोन करा, गोळी बदलता येते. नवराबायकोच्या संबंधांवर परिणाम होऊ शकतो हेही कुणी बोलत नाही, तर तेही डॉक्टरला सांगा, त्याला पण पर्याय असतो. पंचविशीच्या आतल्या मुलांवर सुरुवातीचे काही आठवडे नीट लक्ष ठेवावं लागतं, अस्वस्थपणा किंवा जीव द्यायचे विचार वाढले तर त्याच दिवशी कळवायचं.

अजून एक, आधी कधी उलटं झालं असेल, म्हणजे चारपाच दिवस झोपेची गरजच नाही, अखंड बडबड, हातात पैसा टिकत नाही, आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटतंय, तर तेही सांगा. तो आजार बायपोलर असू शकतो आणि त्याचं औषध वेगळं असतं.

किती दिवस घ्यायच्या? आयुष्यभर?

पहिल्यांदाच झालं असेल तर बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने. परत परत होत असेल तर दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. माझी चालूच आहे आणि मला त्याचं ओझं वाटत नाही, चष्म्याचं जेवढं वाटतं तेवढंच. बरं वाटलं म्हणून सोडणं हीच मोठी चूक, ती मी 2014 ला केली.

सकाळी उठवतच नाही. मूड आला की करेन असं म्हणत दिवस जातो. काय करू?

मूडची वाट बघू नका. मला हे वाक्य कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी चिडले असते म्हणून नीट सांगते.

डिप्रेशनमध्ये काय होतं, मन लागत नाही म्हणून आपण एकेक गोष्ट सोडतो. आधी फिरायला जाणं सुटतं, मग मैत्रिणीचा फोन, मग केस विंचरणं. जेवढं सोडतो तेवढ्या बरं वाटायच्या जागा कमी होत जातात, मग मन अजून खाली, मग अजून सोडतो. हे चक्र करण्याच्या बाजूने तोडायचं, वाटण्याच्या बाजूने तुटत नाही. म्हणजे वाटो न वाटो, ठरवलेली छोटी गोष्ट ठरवलेल्या वेळेला करायची, आणि वाटणं मागून येतं. गोव्यात संगाथ नावाच्या संस्थेने नेमकं हेच करून बघितलं. सरकारी आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नाहीत की सायकॉलॉजिस्ट नाहीत, अशा तिथल्याच माणसांना ट्रेनिंग दिलं, आणि त्यांनी डिप्रेशनच्या पेशंटला सहा ते आठ वेळा भेटून रोजच्या छोट्या छोट्या कामांकडे परत वळवलं. ज्यांना हे मिळालं ते नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपेक्षा जास्त सुधारले, 2017 ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलंय ते. मला या गोष्टीने फार बळ आलं कारण यात कुठे भारी मशीन नाही की परदेशी काही नाही, शेजारच्या बाईसारखी एक बाई विचारतेय की काल अंगणात जाऊन बसलात का.

माझ्यासाठी ते विरजण होतं. 2019 च्या डिसेंबरात मी काही म्हणजे काही करत नव्हते, स्वयंपाक सासूबाई करायच्या, मुलांचे डबे हे भरायचे. समुपदेशक ताई म्हणाल्या एकच काम घ्या, रोजचं, दोन मिनिटांचं. मी म्हटलं रात्री विरजण लावेन. बास. दूध कोमट करायचं, कालच्या दह्यातलं चमचाभर घालायचं, झाकण ठेवायचं. पहिले चार दिवस रडत लावलं. एकदा दूध जास्त गरम राहिलं, दही फुटलं, मला वाटलं हे पण जमत नाही मला. सासूबाई म्हणाल्या, थंडीत दही लागायला वेळ लागतो, डबा घोंगडीत गुंडाळून ठेव. ठेवला. आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की सकाळी डोळा उघडल्यावर पहिला विचार आला, दही लागलं असेल का. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मला सकाळबद्दल काहीतरी जाणून घ्यायचं होतं. मोठं काही झालं नव्हतं, मी त्याच अंथरुणात होते, पण उठून बघायला गेले.

तुम्ही विरजणच लावा असं नाही. तुळशीला पाणी, गाडी पुसणं, दाढी करणं, कोपऱ्यावरून पेपर आणणं. छोटं पाहिजे, वेळ ठरलेली पाहिजे आणि झालं की कॅलेंडरवर फुली मारायची. चुकलं तर चुकलं, दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही.

आणि तेवढंही होत नाही त्या दिवशी?

असे दिवस येतात, अजूनही येतात. माझ्याकडे त्या दिवसासाठी कमीत कमी यादी आहे: गोळी, पाणी, तोंडावर पाणी, दारात दहा मिनिटं उजेडात बसणं, आणि एका माणसाला "आज बरं नाही" एवढा मेसेज. एवढं झालं की तो दिवस पार पडला असं धरायचं. जमलं तर उठायची वेळ तीच ठेवायची, रात्री झोप नाही झाली तरी, नाहीतर झोपेचं गाडं अजून बिघडतं. मोबाईल मी स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते, उशाशी नाही.

आशा ठेव, पॉझिटिव्ह राहा, सगळे म्हणतात. ते जमतच नाही.

जमणार नाहीच, कारण तो आजारच आशेवर घाला घालतो. पाय मोडलेल्याला पळ म्हणण्यासारखं आहे ते. सकाळी सकाळी सूर्योदयाचे फोटो आणि सुविचार पाठवणाऱ्यांना मी नम्रपणे सांगितलं की मला नका पाठवू, त्याने मला मी कमी पडतेय असंच वाटायचं.

मी आशेचा अर्थ बदलून घेतला. सगळं छान होईल असं वाटणं म्हणजे आशा, हे मी सोडून दिलं. उद्यासाठी काहीतरी ठेवणं, एवढंच धरलं. उद्या भाजीला काय, मटकी भिजत घालू. गुरुवारी प्रीतिसंगमावर जायचं, कृष्णेला पाणी किती आलंय बघायचं. पुढच्या महिन्यात भाचीचं बारसं, तिचं झबलं शिवायला टाकायचं. हे सगळं मनात काही न वाटताही करता येतं, हाच त्याचा मोठा फायदा. आणि अजून एक करते, बरे दिवस असतात तेव्हा वहीत लिहून ठेवते की आज काय चांगलं वाटलं, अगदी बारीक, "काउंटरवरच्या आजीने बोरं दिली." वाईट दिवसात डोकं सांगतं की तुला कधीच बरं वाटलं नव्हतं, तेव्हा वही उघडते. माझंच अक्षर असतं, त्यामुळे खोटं म्हणता येत नाही.

डोक्यात एकच चक्र चालू असतं, मी नालायक, मी ओझं. थांबवायचं कसं?

थांब म्हटल्याने थांबत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आहे, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती रुजवली. त्यातलं मला जे कळलं ते असं, की घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्टी समज जास्त दुखावतो. कामात माझ्याकडून एकदा पाचशेचा फरक आला. घटना तेवढीच. पण डोक्यात काय, माझ्याकडून चूक होताच कामा नये, झाली म्हणजे मी बिनकामाची. ताईंनी मला विचारलं, तुमच्या शेजारच्या काउंटरवरच्या मुलीला फरक आला असता तर तिला बिनकामाची म्हणाला असता का. मी गप्पच बसले. मी तिला चहा पाजला असता. हे कागदावर लिहायचं, एका बाजूला डोकं काय म्हणतंय आणि दुसऱ्या बाजूला मी मैत्रिणीला काय म्हटलं असतं. खूप खाली असताना हे एकट्याने करायला जाऊ नका, समुपदेशकासोबत करा, नाहीतर वहीभर आपल्यालाच शिव्या लिहून होतात.

योगा, देवधर्म, वारी, याने बरं होतं का?

आधार म्हणून नक्की. चालण्याचा, व्यायामाचा डिप्रेशनवर चांगला उपयोग होतो हे डॉक्टरही सांगतात, रोज अर्धा तास चाला, नाही जमलं तर गल्लीच्या टोकापर्यंत. भजनाला गेलं की चार माणसं भेटतात, दोन तास डोकं एका जागी राहतं. माझ्या सासूबाई माळकरी, हरिपाठ म्हणताना मला शेजारी नुसतं बसवायच्या, म्हणायला लावायच्या नाहीत. पण गोळी बंद करून नुसतं हे, असं करू नका. आणि बाहेरचं आहे, कुणी करणी केली म्हणून कुणाकडे नेऊन उतारे, मारझोड करत असतील तर ठामपणे अडवा. भूत उतरवायच्या नावाने मारहाण करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

घरच्यांनी काय बोलायचं? आम्हाला पण कळत नाही हो.

हे विचारणाऱ्यांचा मला फार आदर वाटतो. कमी बोला, जवळ बसा. "आमच्या वेळी नव्हतं असलं काही", "मनावर घेऊ नको", "मुलांकडे बघ जरा" हे टाळा, मुलांकडे बघूनच तर जीव तुटत असतो. "काय करू तुझ्यासाठी" असं मोघम विचारलं तर आजारी माणसाला उत्तर सुचत नाही, त्यापेक्षा "मी चहा टाकतोय, तुला पण टाकू का" असं विचारा. दवाखान्यात सोबत चला, गोळीची वेळ लक्षात ठेवा पण पोलिसगिरी नको.

सासूबाईंनी पहिल्या वेळी मला खूप बोलून घेतलं होतं, त्यांना माहीतच नव्हतं. दुसऱ्या वेळी त्या एकदा माझ्यासोबत डॉक्टरकडे आल्या, बाहेर आल्यावर एस.टी. स्टँडपर्यंत काही बोलल्या नाहीत. घरी येऊन लसणाची टोपली घेऊन माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि सोलायला लागल्या. म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण अशीच पडून असायची गं. आम्ही तिला आळशी म्हणायचो." एवढंच. त्या दिवसापासून रोज काहीतरी निवडायला माझ्या खोलीत यायच्या, कधी मेथी, कधी तांदूळ.

आणि सांभाळणाऱ्याने स्वतःलाही सांभाळा, यांनी तेव्हा दर रविवारी क्रिकेट खेळायला जायचं सोडलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

मरून जावं असं वाटतं. कुणाला सांगू?

आत्ता वाटत असेल तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आत्ता फोन करा, 14416, किंवा जीवाला लगेच धोका असेल तर 112. घरात जे कुणी आहे त्याला हाक मारा, "मला एकटं सोडू नका" एवढं म्हटलं तरी पुरे, कारण सांगायची गरज नाही.

मला हा विचार येऊन गेलाय. तो इतका खरा वाटतो की तोच एक रस्ता आहे असं वाटतं, पण तो लाटेसारखा येतो, चढतो आणि उतरतो, आणि उतरेपर्यंत कुणाच्यातरी सोबत असणं एवढंच त्या वेळेचं काम. मी यांना उठवलं होतं रात्री दोनला. ते घाबरले, पण उठून बसले, लाईट लावला, आणि आम्ही पहाटेपर्यंत स्वयंपाकघरात बसून होतो. सकाळी डॉक्टर.

दुसऱ्या कुणाबद्दल शंका आली तर सरळ विचारा, "जीव द्यावा असं वाटतं का तुला?" विचारल्याने डोक्यात विचार भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. शपथा घालू नका, उपदेश नको, ऐका. घरातली सगळी औषधं, शेतीची औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. एकटं ठेवू नका, लवकरात लवकर डॉक्टर. पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरतात आणि त्याला शिक्षा न करता उपचार आणि मदत द्यायची असं आहे.

ऑफिसात सांगावं का? विम्यात बसतं का?

ऑफिसचं, तुमच्या वरच्या माणसावर आहे. मी आमच्या मॅनेजर मॅडमना सांगितलं, त्यांनी मला तीन महिने कॅशवरून काढून पासबुक एन्ट्रीला बसवलं, फार बरं झालं. सगळ्यांना सांगायची गरज नाही. विम्याचं, त्याच 2017 च्या कायद्यात लिहिलंय की शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजारालाही विमा कंपन्यांनी कव्हर द्यायचं. तुमच्या पॉलिसीत काय काय बसतं ते मात्र कागद काढून वाचा.

लग्न ठरताना सांगायचं का?

सांगायचं. कांदेपोह्याच्या दिवशी नाही, पण बोलणी पुढे सरकली की दोघांनी एकमेकांशी बोलताना. लपवून गोळ्या खाणं आणि मग लपवण्यासाठी गोळ्या बंद करणं, यात मुलींचे फार हाल झालेले बघितलेत मी.

परत आलं तर?

येऊ शकतं, म्हणून मी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. माझी लक्षणं कोणत्या क्रमाने येतात ते त्यावर आहे: पहिलं फोन उचलणं बंद होतं, मग पहाटे तीनला जाग, मग जेवणाची चव जाते. खाली डॉक्टरांचा नंबर आणि यांच्या हातचं एक वाक्य, "दोन गोष्टी दिसल्या की मी अपॉइंटमेंट घेणार, तू भांडायचं नाहीस." हे मी बरी असताना आम्ही दोघांनी ठरवलंय. तुमचा क्रम वेगळा असेल, तो घरच्यांना विचारा, त्यांना आपल्या आधी दिसतं.

बरं वाटायला लागलंय हे कळतं कसं?

मला वाटलं होतं एक दिवस सकाळी उठेन आणि ढग गेलेले असतील. तसं नाही झालं. मला कळलंच नाही, दुसऱ्यांना कळलं. फेब्रुवारीत कधीतरी रात्री जेवताना मी म्हटलं, "आमटीत मीठ कमी आहे." टेबलावर सगळे एकदम गप्प झाले. मला वाटलं सासूबाईंना राग आला. त्या उठल्या, मिठाची बरणी माझ्यासमोर आणून ठेवली, आणि यांच्याकडे बघून म्हणाल्या, "हिला चव कळायला लागली बघ."